मियानेहची गोचीड आणि उलटून येणारा ताप

इराणमध्ये तब्रीझहून तेहरानकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर मियानेह नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांच्या लेखनात या गावाचं नाव आलं, की सोबत एका किड्याची धास्तीही येते. मातीच्या भिंतींच्या फटीत दिवसभर दडून बसणारा आणि रात्री झोपलेल्या माणसाचं रक्त पिणारा हा किडा. गावकऱ्यांना तो चावून फारसं काही होत नाही, परक्या मुसाफिराला मात्र ताप आणतो, अशी तिथली पक्की समजूत होती. बहुतेक प्रवाशांनी ती गंमत म्हणून लिहून ठेवली.

ही गोष्ट गांभीर्याने घेणाऱ्यांपैकी एक होते डॉ. जोसेफ देझिरे थोलोझाँ. हे फ्रेंच वैद्य १८५८ साली इराणला आले आणि बादशाह नासिरुद्दीन शाह काजार यांचे शाही हकीम झाले. त्यांनी इराणमधल्या गोचिडी पॅरिसला तपासणीसाठी पाठवल्या. १८८२मध्ये लाबुलबेन आणि मेन्याँ या शास्त्रज्ञांनी त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यातल्या एका जातीला थोलोझाँचं नाव मिळालं : ऑर्निथोडोरोस थोलोझानी. या जातीतून माणसात येणारा जिवाणू पुढच्या काळात सापडला, त्याचं नाव बोरेलिया पर्सिका.

गावकऱ्यांच्या समजुतीत तथ्य असावं. लहानपणापासून वारंवार चावे घेतलेल्या माणसाच्या शरीरात थोडीफार प्रतिकारशक्ती तयार होते. सरायमध्ये एक रात्र काढणाऱ्या मुसाफिराकडे ती नसते.

ताप जातो आणि परत येतो

या आजाराला वैद्यकीय मराठीत पुनरावर्ती ज्वर म्हणतात. अचानक थंडी वाजून जोराचा ताप भरतो, डोकं आणि अंग ठणकतं. काही दिवसांत ताप उतरतो, माणूस कामाला लागतो. आठवडाभरात तोच ताप पुन्हा येतो. असं अनेकदा घडतं. कारण रक्तातला मळसूत्रासारखा पीळदार जिवाणू आपलं बाहेरचं आवरण बदलत राहतो. शरीराने एका रूपाला ओळखून मारलं, की दुसऱ्या रूपातले जिवाणू वाढू लागतात.

या जिवाणूच्या इतिहासात आपल्या मुंबईचंही एक पान आहे. बर्लिनच्या ओटो ओबरमायर यांनी रुग्णांच्या रक्तात तो पाहिला आणि १८७३मध्ये जाहीर केला. १८७६ ते ७८च्या दुष्काळात दख्खनमधून हजारो भुकेले लोक मुंबईत आले, तेव्हा तिथे हाच ताप पसरला. ग्रँट मेडिकल कॉलेजचे डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी १८७७मध्ये या रुग्णांच्या रक्तात तोच जिवाणू दाखवला. 'ग्रेज ॲनाटॉमी' या ग्रंथातली चित्रं काढणारे कार्टर ते हेच.

मुंबईतला ताप उवांमुळे पसरणारा होता. १९०७मध्ये पर्सी मॅकी यांनी नाशिकच्या एका मिशन वसतिगृहातल्या साथीत मुलींपेक्षा मुलं जास्त आजारी पडल्याचं पाहिलं. मुलांच्या कपड्यांत उवाही जास्त होत्या. त्यावरून त्यांनी उवांकडे बोट दाखवलं.

उवांचा ताप दुष्काळ, युद्ध आणि गर्दीच्या मागे फिरतो, साथ येते आणि जाते. गोचिडीचा ताप मात्र जागा सोडत नाही. ही गोचीड आपल्या गुरांच्या अंगाला चिकटून राहणाऱ्या गोचिडीसारखी नसते. ती काही मिनिटं रक्त पिते आणि बिळात किंवा फटीत परतते. मग अन्नाशिवाय वर्षानुवर्षं जगू शकते. कोरड्या मुलखात टिकून राहण्याचं तिचं कसब यातच आहे. १९०५मध्ये कांगोत जोसेफ डटन आणि जॉन टॉड यांनी गोचिडीतून हा ताप पसरतो हे दाखवलं. त्या कामात डटन स्वतः आजारी पडले आणि त्याच वर्षी वारले. आफ्रिकेतल्या लोकांना मात्र ही गोचीड वाईट आहे हे आधीपासून माहीत होतं. लिव्हिंगस्टन यांनी १८५७च्या आपल्या प्रवासवर्णनात तिच्या चाव्याने येणाऱ्या आजारपणाची नोंद केली आहे.

सेनेगलचा धडा

सेनेगल हा पश्चिम आफ्रिकेतला मुस्लिमबहुल देश. तिथे उंदरांच्या बिळात राहणाऱ्या ऑर्निथोडोरोस सोनराई या गोचिडीतून बोरेलिया क्रोसिड्युरी पसरतो. हा जिवाणू १९१७मध्ये डाकारमध्ये एका चिचुंद्रीत सापडला होता. नंतर कित्येक वर्षं तो दुर्मिळ मानला गेला.

१९९०पासून दक्षिणेकडच्या डिएल्मो गावात मलेरियाचा अभ्यास सुरू झाला. संशोधक गावातच राहून प्रत्येक तापाच्या रुग्णाचं रक्त तपासत होते. तेव्हा वेगळंच चित्र समोर आलं. १४ वर्षांच्या नोंदींनुसार दर १०० माणसांमागे वर्षाला सरासरी ११ जणांना हा ताप येत होता. १९९७मध्ये तर हा आकडा २५ होता. इतर दवाखान्यांत असे रुग्ण मलेरियाचे म्हणून औषध घेऊन घरी जात होते.

झाँ-फ्रान्स्वा त्राप आणि सहकाऱ्यांनी या प्रसाराचा संबंध दुष्काळाशी लावला. ही गोचीड वर्षाला साधारण ७५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडणाऱ्या भागात राहते. १९७०पासून साहेल पट्ट्यात पाऊस घटला, तशी ती दक्षिणेकडे सरकली.

या तापावर साधी आणि स्वस्त प्रतिजैविकं चालतात. निदानासाठी ताप असताना रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहावा लागतो. मलेरियाच्या झटपट चाचणीच्या पट्टीवर हा जिवाणू दिसत नाही, आणि ज्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकच नाही तिथे त्याची नोंदही होत नाही. प्रतिबंधाचा मार्ग त्याहून साधा आहे. जमीन सिमेंटची करायची, घरात उघडणारी बिळं बुजवायची. पण त्यासाठी पैसे लागतात. मियानेहची सराय असो की डिएल्मोची झोपडी, मातीच्या जमिनीवर झोपणाऱ्यालाच ही गोचीड गाठते. त्याच्या तापाला योग्य नाव मिळालं, तरच योग्य औषध मिळेल.