दिनविशेष : ८ जानेवारी – हंटरवाली नादिया

१९०८ साली आजच्या दिवशी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे मेरी अ‍ॅन इव्हान्सचा जन्म झाला. वडील ब्रिटिश फौजेत होते, त्यामुळे लहानपणीच ती मुंबईत आली. पहिल्या महायुद्धात वडील कामी आले. पुढे दुकानात नोकरी, मादाम अस्त्रोवाच्या बॅले मंडळीबरोबर दौरे, सर्कस असे करत ती रंगमंचावर रुळली. ‘नादिया’ हे नाव तिने याच काळात घेतले.

परळच्या वाडिया मूव्हीटोनचे जमशेद वाडिया तिला नंदादेवी म्हणवून, काळ्या वेण्या घालून पडद्यावर आणू पाहत होते. तिने साफ नकार दिला! सोनेरी केस, निळे डोळे आणि अडखळती हिंदी तशीच ठेवून १९३५ मध्ये ‘हंटरवाली’ आला. चेहऱ्यावर मुखवटा, हातात चाबूक, घोड्यावर मांड ठोकून गुंडांना लोळवणारी ही राजकन्या पिटातल्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये (१९३६) तर ती धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करते, तीही बदली कलाकाराशिवाय. गोरी बाई अन्यायाविरुद्ध लढते, याचे पारतंत्र्यातल्या प्रेक्षकांना वावडे नव्हते, हे विशेषच. समीक्षकांनी मात्र स्टंटपटांना कधी फारसे जवळ केले नाही.

दिग्दर्शक होमी वाडियांशी नादियाने १९६१ मध्ये विवाह केला. ९ जानेवारी १९९६ रोजी मुंबईतच तिचे निधन झाले.