तबकडीत वाजते ती गिटार कोणती?

मागच्या आठवड्यात नववीतला एक विद्यार्थी मोबाईल घेऊन माझ्याकडे आला. त्याला गिटार घ्यायची आहे. विकणाऱ्याने त्याला दोन गिटारींचे आवाज पाठवले होते. एक नवी, दुसरी चाळीस वर्षं जुनी. जुनीची किंमत दुप्पट. “सर, ऐका ना, जुनीचा आवाज किती भरलेला आहे!” मलाही तो भरलेला वाटला. पण त्याचे अब्बा रिक्षा चालवतात. म्हणून म्हटलं, थांब, जरा वाचून सांगतो. गिटार मला वाजवता येत नाही, जुन्या गोष्टी वाचण्याची मात्र खोड आहे.

वाचता वाचता मी स्पेनच्या अल्मेरियात पोहोचलो. अंदलुसमधलं हे बंदर. नावच अरबी, अल-मरिय्या. (उर्दूच्या मास्तराला असं काही दिसलं की पुढे जाववत नाही.) आज आपण जिला क्लासिकल गिटार म्हणतो तिचं रूप ठरवणारा अंतोनियो दे तोरेस इथला. जन्म १८१७, मृत्यू १८९२. मुळात सुतार. १८५८ मध्ये सेव्हिलच्या प्रदर्शनात त्याला पदक मिळालं, तरी गिटारीवर घर चालेना. १८७० च्या सुमारास तो गावी परतला आणि चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान टाकलं. काही वर्षांनी पुन्हा गिटारी बनवू लागला, ते मरेपर्यंत.

या माणसाने १८६२ मध्ये एक विलक्षण गिटार बनवली. वरची फळी नेहमीसारखी लाकडाची, पातळ, आतून पंख्यासारख्या पट्ट्या लावलेली. पाठ आणि कडा मात्र चक्क पुठ्ठ्याच्या! आवाज वरच्या फळीत असतो, पाठीच्या महागड्या लाकडात नाही, एवढंच त्याला दाखवायचं होतं. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. २०१८ मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा गिटारी बनवून घेतल्या, फक्त पाठीचं आणि कडांचं लाकूड वेगवेगळं. ५२ वादकांना त्या नीट दिसणार नाहीत अशा बेताने वाजवायला दिल्या. स्वस्त आणि महाग लाकडात त्यांना फारसा फरक करता आला नाही. तोरेसचं म्हणणं दीडशे वर्षांनी असं तपासलं गेलं.

पण तोरेसच्या गिटारीचा त्या काळचा आवाज आपण ऐकणार कसा? तो वारला तेव्हा तबकडी बाल्यावस्थेत होती. मिगेल ल्योबेट या वादकाची गिटार १८५९ची, तोरेसच्या हातची. त्याने १९२५ नंतरच्या काही वर्षांत बार्सिलोनात पार्लोफोनसाठी तबकड्या भरल्या. म्हणजे तोवर ती गिटारही पासष्टीच्या पुढे गेलेली. शिवाय कर्ण्यासमोर बसून आवाज भरायचा काळ नुकताच संपून मायक्रोफोन आला होता. मायक्रोफोन तेव्हा साधारण १०० ते ५००० हर्ट्झ टिपायचा. गिटारीच्या सर्वांत जाड तारेचा मूळ सूर ८२ हर्ट्झचा, म्हणजे तो तबकडीत जेमतेमच उतरणार. तरी आपल्याला तो ऐकू येतो, कारण वरच्या सुरांवरून कान तो भरून काढतो. जो भरलेपणा आपण गिटारीच्या खात्यावर टाकतो, त्यातला थोडा आपल्याच कानाचा असतो.

दुसरा दाखला आंद्रेस सेगोव्हियाचा. १९१२ पासून त्याच्याकडे माद्रिदच्या मानुएल रामिरेस यांच्या कारखान्यातली गिटार होती. १९२७ मध्ये लंडनला एचएमव्हीसाठी त्याने पहिल्या तबकड्या भरल्या त्या हिच्यावर. १९३७ पासून जर्मनीतल्या हेर्मान हाउझरची गिटार त्याने हाती घेतली आणि पंचवीस वर्षं वाजवली. दोन्ही आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. त्याची सुरुवातीची तबकडी आणि नंतरची एलपी एकामागून एक ऐकली की सहज म्हणावंसं वाटतं, हाउझर जास्त गोल वाजते. मीही म्हणालो होतो. मग लक्षात आलं की मधल्या काळात तारा बदलल्या. आधी जनावरांच्या आतड्याची तात असायची. महायुद्धात ती शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागली आणि वादकांची टंचाई झाली. अल्बर्ट ऑगस्टीनने सेगोव्हियाच्या मदतीने नायलॉनच्या तारा काढल्या त्या १९४० नंतर. मायक्रोफोन बदलले, चार-साडेचार मिनिटांच्या तबकडीऐवजी टेप आली, खोल्या बदलल्या, सेगोव्हियाचं वयही वाढलं. एवढ्या सगळ्यातून गिटार वेगळी काढायची कशी?

हदीसच्या अभ्यासात मजकुराइतकीच सनद बघतात: कुणी कुणाकडून ऐकलं. रेकॉर्डिंगलाही रावी असतात. तार, बोटं, खोली, मायक्रोफोन, आणि शेवटी माझ्या विद्यार्थ्याचा मोबाईल, ज्याच्या इवल्या स्पीकरमधून खालचे सूर धड बाहेरच येत नाहीत. विकणाऱ्याने लबाडी केली असेल असं मी म्हणत नाही. नव्या गिटारीवर गंजक्या तारा आणि जुनीवर कोऱ्या असल्या तरी एवढा फरक पडतो.

हे सगळं ऐकून पोरगा हिरमुसला. “म्हणजे जुनी चांगली नाही?” म्हटलं, असेलही, लाकूड वाळतं, हलकं होतं, आवाज खुलत असेल. पण ते मोबाईलवर कळणार नाही. एकाच जातीच्या तारांचे दोन कोरे संच घे, दोन्हींवर चढवायला सांग, एकाच खोलीत एकाच माणसाने वाजवू दे आणि तू पाठ फिरवून बस. संच त्याने काल आणलेत. रविवारी जुहरनंतर आम्ही जाणार आहोत, त्याचे अब्बाही येतो म्हणालेत.