मोटरसायकलचे ब्रेक पॅड : कंपनीचे आणि बाहेरचे

मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला दोन्ही बाजूंनी आवळून वेग कमी करणारी, बदलता येणारी घर्षणपट्टी म्हणजे ब्रेक पॅड. पोलादी पाठपट्टीवर पक्का बसवलेला काही मिलिमीटर जाडीचा घर्षणथर, एवढीच त्याची रचना. हा थर झिजण्यासाठीच असतो. म्हणून प्रत्येक चालकाला कधी ना कधी नवे पॅड घ्यावे लागतात, आणि तेव्हा काउंटरवरून प्रश्न येतो : कंपनीचे देऊ की बाहेरचे?

मोठ्या प्रमाणावर विकल्या गेलेल्या मोटरसायकलींमध्ये पुढचा डिस्क ब्रेक रुळवला तो होंडाच्या १९६९ च्या ‘सीबी ७५०’ने. भारतात त्याचा प्रसार नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून झाला. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले, आणि ते डिस्क ब्रेकबरोबरच येत असल्याने डिस्क ही चैन उरली नाही.

‘कंपनीचे पॅड’ मोटरसायकल कंपनी सहसा स्वतः बनवत नाही. ब्रेक बनवणारी कंपनी वेगळी, घर्षणथर बनवणारी अनेकदा तिसरीच. बजाजला डिस्क ब्रेक पुरवणारी एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजची. इटलीच्या ब्रेम्बोचा ‘बायब्रे’ हा मध्यम व लहान दुचाकींसाठीचा ब्रँड, केटीएम ड्यूकपासून रॉयल एन्फील्डपर्यंत अनेक गाड्यांवर दिसणारा. ब्रेम्बोचा भारतातील दुचाकी ब्रेकचा कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे. मोटरसायकल कंपनी घर्षणाचे प्रमाण, झीज, आवाज, पावसातली पकड अशा अटी घालते, नमुने तपासून घेते आणि मग त्या मालावर आपला पार्ट नंबर टाकते. ग्राहक जादा पैसे मोजतो ते या तपासणीसाठी. बाहेरच्या बाजारात मात्र तीन अगदी निरनिराळ्या गोष्टी एकाच नावाखाली विकल्या जातात : मूळ पुरवठादाराने स्वतःच्या नावाने विकलेला माल, ब्रिटनची ईबीसी, डेन्मार्कची एसबीएस, जपानची वेस्राह यांसारख्या खास पॅड बनवणाऱ्यांचा माल, आणि निनावी किंवा सरळ बनावट माल. पहिल्या दोहोंना तिसऱ्याच्या पंगतीत बसवणे अन्यायाचे आहे, आणि तिसऱ्याला पहिल्या दोहोंच्या पंगतीत बसवणे धोक्याचे.

घर्षणथराचे मुख्य प्रकार तीन. ऑरगॅनिक पॅडमध्ये अरामिडसारखे तंतू आणि खनिज भुकट्या रेझिनने बांधलेल्या असतात. ते मऊ लागतात, आवाज कमी करतात, चकतीला जपतात. पण खूप तापले की रेझिन विघटित होऊ लागते, त्याचा वायू पृष्ठभागावर येतो आणि पकड उतरते. सिंटर्ड पॅडमध्ये तांबेप्रधान धातूंची भुकटी दाबून, तापवून एकजीव केलेली असते. ते उष्णता सोसतात आणि पावसात लवकर धरतात. मोटरसायकलच्या चकत्या बहुधा स्टेनलेस पोलादाच्या असतात, आणि ओल्या स्टेनलेस चकतीवर जुन्या ऑरगॅनिक पॅडची पकड उशिरा येत असे. सिंटर्ड पॅड दुचाकींवर रुजण्याचे ते मोठे कारण. सेमी-मेटॅलिक हा या दोहोंमधला प्रकार. चकती सिंटर्डसाठी बनवलेली नसेल तर तसे पॅड तिला लवकर खातात. पॅडमध्ये वाचवलेले पैसे मग चकतीत जातात, आणि चकती पॅडपेक्षा कितीतरी महाग असते.

अनेक पॅडच्या पाठीवर घर्षणाची दोन रोमन अक्षरे छापलेली असतात : पहिले नेहमीच्या तापमानाचे, दुसरे तापलेल्या अवस्थेचे. ‘ई’ म्हणजे घर्षणगुणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ ०.३५ ते ०.४५, ‘जी’ ०.४५ ते ०.५५, ‘एच’ त्याहून अधिक. पहिल्यापेक्षा दुसरे अक्षर खालचे असेल तर पॅड तापल्यावर ढिला पडतो. ही अक्षरे टिकाऊपणाबद्दल किंवा घर्षणथर पाठपट्टीला किती घट्ट धरून आहे याबद्दल काही सांगत नाहीत. युरोपात बदली पॅडसाठी ‘आर ९०’ हा नियम आहे; त्यानुसार बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या साधारण १५ टक्क्यांच्या आत असावी लागते. खोक्यावर ही मान्यता असणे ही चांगली खूण.

हा फरक रस्त्यावर कसा उतरतो ते गणिताने पाहावे. ताशी ६० किमी वेगाची गाडी सेकंदाला ६ मीटर प्रतिसेकंद या दराने मंदावली तर सुमारे २३ मीटरमध्ये थांबते. पॅडचा घर्षणगुणांक ०.४० ऐवजी ०.३० असेल, तर लिव्हर तेवढाच दाबून हा दर ४.५ वर येतो आणि अंतर सुमारे ३१ मीटर होते. चालक जोर वाढवेल, हे खरे. पण समोर अचानक कोणी आडवे आले तर हात सवयीइतकाच दाबतो. ते ८ मीटर म्हणजे एका एसटीच्या निम्म्याहून अधिक लांबी.

घाटात प्रश्न उष्णतेचा. दोन माणसांसह ३०० किलो वजनाची गाडी महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरते तेव्हा उतार हजार मीटरहून जास्त असतो. हजार मीटर धरले तरी सुमारे २९ लाख जूल ऊर्जा मुरवावी लागते. ताशी ६० वरून थांबण्याच्या सुमारे ७० पट. त्यातला काही वाटा इंजिन आणि हवा घेतात, म्हणूनच खालच्या गिअरवर उतरायचे. उरलेली सगळी पॅड आणि चकतीवर. शहरात वर्षभर बरा चालणारा स्वस्त पॅड नेमका इथे उघडा पडतो.

बनावट पॅडचा सर्वांत वाईट दोष कमी पकड हा नव्हे, तर घर्षणथर पाठपट्टीवरून सुटणे हा आहे. तसे झाले की लोखंड चकतीवर घासते. पाठपट्टीच्या कडा खरबरीत, रंग नखाने निघणारा, थराची जाडी दोन टोकांना वेगळी, बॅच क्रमांक नाही, खोक्यावरची छपाई पुसट, किंमत संशय यावा इतकी कमी : यांतले एक लक्षणही परत करायला पुरेसे. एकट्या होलोग्रामवर विसंबू नये, त्याचीही नक्कल होते.

निवड करताना रोजच्या १०० ते २०० सीसीच्या गाडीला कंपनीचेच पॅड घ्यावेत. किमतीतला फरक पॅडच्या आयुष्यावर वाटला तर फार उरत नाही आणि वॉरंटीत वादही होत नाही. कंपनीचे मिळत नसतील, गाडी बंद झालेल्या मॉडेलची किंवा आयात केलेली असेल, किंवा सामानासह सतत डोंगराळ प्रवास असेल, तर नामांकित कंपनीचे बाहेरचे पॅड निःशंकपणे घ्यावेत. काही वेळा ते मूळपेक्षा सरस ठरतात. मात्र मॉडेल आणि वर्षानुसार पार्ट नंबर जुळवावा, आणि एका चाकाचे दोन्ही पॅड एकाच प्रकारचे, एकाच वेळी बदलावेत.

चांगला पॅडही निष्काळजीपणे बसवला तर वाया जातो. पॅड धरून चकतीवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना साफ करून त्यांना योग्य ग्रीस लावावे, पण ग्रीस वा तेलाचा थेंब पॅडवर पडू देऊ नये. तेल प्यालेला पॅड टाकूनच द्यावा. पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइल टाकीत वर चढते, तिकडे लक्ष ठेवावे. गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत दाबावा. पहिले काही शे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळून पॅड चकतीवर बसू द्यावेत. चकतीची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. ती त्याखाली गेली असेल तर नवे पॅड घालण्यात अर्थ नाही. पॅडवरची झीज दाखवणारी खाच दिसेनाशी झाली, किंवा घर्षणथर सुमारे १ मिमी उरला, की पुढच्या सर्व्हिसिंगची वाट न पाहता पॅड बदलावेत आणि खरेदीचे बिल मागून घ्यावे. बिल द्यायला तयार नसलेल्या दुकानातून ब्रेकचा कोणताही भाग घेऊ नये.