दार उघडणारा माणूस

अंबडला कोणी पाहुणा आला की त्याला प्रथम मत्स्योदरीच्या टेकडीवर नेण्याची आमच्याकडे रीत आहे. देवीचे दर्शन झाले की अहिल्याबाई होळकरांच्या आठवणी निघतात, मग बारव दाखविली जाते. माझ्या लहानपणी मला मात्र तिसरे एक स्थान दाखवावेसे वाटे. बाजारातल्या अरुंद जिन्याने वर गेले की दोन खोल्यांचे वाचनालय होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास एक गृहस्थ जिना चढून येत, कमरेची किल्ली काढीत आणि कुलूप उघडीत. दिवसभर मोंढ्यातल्या एका अडतीवर हिशेब लिहून ते आलेले असत. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू.

माझे आजोबा या वाचनालयाला शेवटपर्यंत ‘कुतुबखाना’ म्हणत. घरी आम्ही हसत असू. पण त्या एका शब्दात आमच्या मुलखाचा इतिहास होता, हे मला फार उशिरा कळले. आम्ही निजामाच्या राज्यातले. कचेरीची भाषा उर्दू; 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. राज्याचा मोठा कुतुबखाना, आसफिया, 1891 पासून हैदराबादेत उभा होता. पण अंबडच्या मराठी वाचकाला त्याचा उपयोग तो काय? हैदराबादच्या मराठी मंडळींनी 1922 साली स्वतःचे मराठी ग्रंथसंग्रहालय काढले, ते सरकारच्या कृपेने नव्हे. सभा भरवावयाची तर आधी परवानगी, असा गश्ती क्रमांक 53 चा जाच ज्या राज्यात होता, तेथे चार माणसांनी एकत्र बसून वर्तमानपत्र वाचणे हीदेखील साधी गोष्ट नव्हती.

इंग्रजी अंमलाखालच्या मराठी मुलखाची गोष्ट निराळी. रत्नागिरीला 1828, नगरला 1838, नाशिकला 1840, पुण्याला 1848 या साली ग्रंथालये निघाली होती. अंबडहून नगर काही फार दूर नव्हे. पण मध्ये राज्याची सरहद्द होती, आणि त्या सरहद्दीने आम्हांला जवळजवळ शंभर वर्षे मागे ठेवले.

तिकडे मुंबई सरकारने 1939 साली फैजी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून थेट लहान खेड्यातल्या वाचनालयापर्यंत सहा पायऱ्यांची योजना तिने आखली. योजना उत्तम होती, तिजोरीत पैसा नव्हता. वरच्या पायऱ्या काय त्या बांधल्या गेल्या. खालच्या, म्हणजे तालुक्याच्या आणि खेड्याच्या, कागदावर राहिल्या. पैसा कमी पडला की पायरी खालची जाते, हा धडा मला या इतिहासात पुढेही पुनःपुन्हा भेटला.

आमच्या नशिबी तर राज्येच बदलत गेली. 1948 च्या सप्टेंबरात निजामी संपली. 1955 साली हैदराबाद राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, आणि वर्षभरातच, 1 नोव्हेंबर 1956 ला, मराठवाडा मुंबई राज्यात आला. आज महाराष्ट्रभर जो कायदा चालतो तो 1967 चा. 1 मे 1968 पासून तो अमलात आला.

या कायद्याच्या पोटात एक करार आहे. मद्रासने 1948 साली ग्रंथालयांसाठी मालमत्तेवरील कराबरोबर उपकर बसविला होता. रंगनाथनांसारख्या या शास्त्राच्या आचार्यांचाही आग्रह उपकराचाच होता. महाराष्ट्राने तो बसविला नाही. आपल्याकडे लोकांनी काढलेली ग्रंथालये गावोगाव आहेत. ती लोकांनीच चालवावीत, सरकारने त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग लावून अनुदान द्यावे, असे ठरले. मान्य खर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत सरकार देणार, उरलेला वाटा गावाने उभा करावयाचा.

या व्यवस्थेची थट्टा करण्याची माझी इच्छा नाही. तिच्यामुळे महाराष्ट्रात ग्रंथालयांची संख्या बारा हजारांवर गेली. आमच्या तालुक्यातल्या ज्या गावांत एस.टी. दिवसातून एकदा येई, तेथेही पुस्तकांचे कपाट पोहोचले. पण करारात एक माणूस गृहीत धरलेला होता, आणि त्याचे नाव कोठेच लिहिलेले नव्हते. तो म्हणजे रोज दार उघडणारा.

हिशेब करून पाहावा. 2012 नंतर ड वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला 30,000 रुपये मिळत. नियमाप्रमाणे त्यातला अर्धा भाग पगाराचा. म्हणजे महिन्याला 1,250 रुपये! 2022 साली अनुदानात 60 टक्के वाढ झाली, तेव्हा हा आकडा 2,000 वर गेला. मजुराला महिन्यातले आठ-दहा दिवस काम मिळाले तरी यापेक्षा अधिक पडते. आणि 2012 च्या मे महिन्यात राज्यातल्या सगळ्या ग्रंथालयांची पडताळणी झाली, तेव्हा कित्येकांची दारे बंद आढळली. दोष खरा होता. कागदावरच चालणारी ग्रंथालये होतीच. परंतु प्रत्येक बंद दारामागे लबाडीच होती असे म्हणवत नाही. काही दारे बंद होती, कारण उघडणारा कामाच्या शोधात शहराकडे गेला होता.

आता माझ्या स्वतःच्या कबुलीकडे येतो. आधुनिकीकरणाचे वारे आले तेव्हा मी एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर होतो. काका तोवर वारले होते. त्यांच्या जागी एक तरुण काम करीत असे. हाताशी थोडी रक्कम होती. तिचा संगणक घ्यावा, की या मुलाला वर्षभर थोडा अधिक पगार द्यावा, असा प्रश्न बैठकीत आला. संगणकाच्या बाजूने हात वर झाले. त्यात माझाही होता. समारंभ झाला, नारळ फुटला, फोटो निघाला. काही महिन्यांनी तो मुलगा जालन्याला दुकानात नोकरीस लागला. संगणकावर पुस्तकांच्या नोंदी करावयाच्या त्या कोणी? यंत्र कापडाखाली झाकलेले राहिले, आणि दाखलखारीज नोंदवही पूर्वीप्रमाणेच हाताने चालू राहिली.

मी यंत्राच्या विरुद्ध नाही. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाचा एक लहानसा प्रदेश आहे. 1999 साली तेथील ग्रंथालयांपुढे अडचण आली की जुनी संगणकप्रणाली नव्या शतकात चालेना, आणि विकतची नवी परवडेना. त्यांनी स्थानिक कारागिरांकडून स्वतःपुरती प्रणाली लिहवून घेतली, जानेवारी 2000 मध्ये ती सुरू केली आणि जगाला फुकट देऊन टाकली. तिचे नाव ‘कोहा’. माओरी भाषेत त्याचा अर्थ भेट. आज आपल्या देशातलीही अनेक ग्रंथालये ती वापरतात. म्हणजे यंत्राचा मेंदू गरीब वाचनालयालाही फुकट मिळू शकतो. फुकट मिळत नाही तो त्यापुढे बसणारा माणूस. होरोव्हेनुआत तो आधीपासून पगारावर होता. म्हणून तेथे अडचणीतून नवे काही निघाले, आणि आमच्याकडे संगणकावर कापड चढले.

म्हणून आता कोणी मला विचारले, की पैसे थोडे आहेत, वाचनालय नवे कसे करावे, तर मी म्हणतो: पहिला रुपया दार उघडणाऱ्याला द्या, दुसरा पुस्तकांना, तिसरा यंत्राला. हा क्रम उलटा केला की तिन्ही रुपये वाया जातात. सरकारकडे मागावयाचे तेही याच क्रमाने मागावे. आणि गावाचा वाटा आपण देतो का, हेही स्वतःला विचारावे. आमच्यापैकी कितीजण देवीच्या उत्सवाला सढळ हाताने वर्गणी देतात आणि वाचनालयाची महिन्याची वर्गणी थकवितात, हे मला ठाऊक आहे. त्या थकबाकीदारांच्या यादीत एकेकाळी माझे नाव होते.

अंबडच्या बारवेकडे पाहताना हल्ली मला एकच विचार सुचतो. बारव बांधावयाला एकदा एक अहिल्याबाई लागली. गाळ मात्र दर काही वर्षांनी कोणीतरी काढावाच लागतो. बांधणाऱ्याचे नाव गाव विसरत नाही. गाळ काढणाऱ्याला निदान मजुरी तरी मिळावी.

काकांची किल्ली शेवटी कोणाकडे गेली, हे मी पुष्कळांना विचारले. कोणालाच सांगता आले नाही.