पवित्र विहिरीचा दावा

युकातान द्वीपकल्पाच्या उत्तर भागात वाहती नदी नाही. पाऊस पडतो तो चुनखडीच्या खडकात मुरतो आणि भूगर्भातील अंधाऱ्या पोकळ्यांतून वाहत राहतो. जेथे अशा पोकळीचे छत कोसळते, तेथे मानवी हाताने न खणलेली एक विहीर तयार होते. तिला त्या देशात सेनोते म्हणतात. ज्या भूमीत पाणी डोळ्यांना दिसते ते केवळ अशा विवरांतून, त्या भूमीतील माया लोकांनी विहिरीलाच देवाचे द्वार मानले, यात नवल नाही. त्यांच्या एका विख्यात नगराचे नावच मुळी ‘इत्सांच्या विहिरीच्या मुखापाशी’ या अर्थाचे आहे. ते नगर म्हणजे चिचेन इत्सा.

या नगराचे वैभव साधारणतः नवव्या ते अकराव्या शतकातले. तेथील कुकुल्कानचे, म्हणजे पिसे धारण करणाऱ्या सर्पदेवतेचे, सुमारे ३० मीटर उंचीचे पायऱ्यांचे मंदिर आज जगभर छायाचित्रांतून परिचित झाले आहे. चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि माथ्यावरील एक चौथरा मिळून ३६५ ही संख्या होते. परंतु आपला विषय हे मंदिर नव्हे. मंदिरापासून उत्तरेकडे एक उंच बांधलेली वाट जाते, ती एका गोल विवराच्या काठाशी थांबते. विवराचा व्यास सुमारे ६० मीटर आणि पाणी काठापासून सुमारे २० मीटर खोल. हीच ती पवित्र विहीर. दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने १५६६ च्या सुमारास लिहून ठेवले आहे की, अवर्षणात माया लोक या विहिरीत जिवंत माणसे अर्पण करीत आणि त्यांच्यासमवेत मौल्यवान वस्तूही टाकीत. या विहिरीची मालकी कोणाची, हा प्रश्न गेली सव्वाशे वर्षे मेक्सिकोला सतावीत आहे. आणि तो वाटतो तितका सोपा नाही.

एडवर्ड थॉम्सन हा अमेरिकन गृहस्थ १८८५ मध्ये वाणिज्यदूत म्हणून युकातानात आला. लांदाचे लिखाण त्याने वाचले होते, आणि ते शब्दशः खरे आहे अशी त्याची खात्री होती. १८९४ मध्ये त्याने तेथील एक जहागिरीवजा मळा विकत घेतला. मळ्याच्या हद्दीत शेते होती, रान होते, आणि चिचेन इत्साचे अवघे भग्नावशेषही होते! १९०४ पासून त्याने विहिरीच्या काठावर यारी उभारून तळातला गाळ उपसण्यास आरंभ केला. पुढे तो पाणबुड्याचा पोशाख चढवून स्वतःही तळाशी उतरला. लांदाचे म्हणणे खरे ठरले. गाळातून माणसांची हाडे निघाली, कोपाल नावाच्या सुगंधी राळेचे गोळे निघाले, कोरीव जेड, सोन्याच्या ठोकीव तबकड्या, तांब्याच्या घंटा आणि वस्त्रांचे जीर्ण तुकडे निघाले. त्यांतील जेड ग्वातेमालाकडचे आणि सोने थेट पनामा-कोस्टा रिकाकडचे होते. त्यावरून ही विहीर केवळ एका गावाचे नव्हे, तर दूरदूरच्या यात्रेकरूंचे तीर्थ होते हे सिद्ध झाले. या वस्तूंपैकी बहुतेक सर्व गुपचूपपणे हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबडी संग्रहालयात पोहोचल्या.

येथे कायदा काय होता? मेक्सिको या बाबतीत झोपलेला नव्हता. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत, १८२७ साली, त्याने जकातीच्या कायद्यातच प्राचीन वस्तूंच्या निर्यातीस बंदी घातली होती. १८९७ च्या कायद्याने तर देशातील पुरातन वास्तू राष्ट्राच्या मालकीच्या असल्याचे घोषित केले. म्हणजे थॉम्सनने यारी उभारली तेव्हा जमीन त्याची, पण जमिनीवरील मंदिरे राष्ट्राची, अशी विचित्र स्थिती होती. आणि विहिरीच्या तळातील जेडचा मणी कोणाचा? तो वास्तूचा भाग, की जमिनीचा, की निव्वळ बेवारस जंगम वस्तू? कायदा नेमका येथे संदिग्ध होता.

दरम्यान मेक्सिकोत राज्यक्रांती झाली. १९१७ च्या घटनेच्या २७ व्या कलमाने, देशाच्या हद्दीतील भूमी व जल यांची मूळ मालकी राष्ट्राकडे आहे आणि खाजगी मालमत्ता ही राष्ट्राने दिलेली गोष्ट आहे, हे तत्त्व प्रस्थापित केले. जमिनीच्या न्याय्य वाटपाच्या त्याच भरात वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे तेथे गेले, चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागले आणि मक्याच्या संशोधनात रमले, हे मराठी वाचकाला ठाऊक असेल. अशा वातावरणात, १९२६ मध्ये, विहिरीतील खजिन्याची हकीगत एका इंग्रजी पुस्तकातून जगजाहीर झाली. सरकारने थॉम्सनवर चोरून निर्यात केल्याचा दावा लावला आणि त्याचा मळा जप्त केला. थॉम्सन १९३५ मध्ये वारला. खटला मात्र चालूच राहिला, आणि १९४४ मध्ये मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो सरकारच्या विरुद्ध! थॉम्सनने तत्कालीन कायद्याचा भंग केलेला नाही, असे न्यायालयाने ठरविले आणि मळा वारसांकडे परत गेला. वारसांनी तो बार्बाचानो या युकातानातील पर्यटन व्यावसायिकाला विकला.

राष्ट्राभिमानी माणसास हा निकाल कटू वाटेल. परंतु आपल्याच सरकारविरुद्ध, एका मृत परकीयाच्या बाजूने, कायद्याच्या शब्दाला जागून निर्णय देणारे न्यायालय ही काही सामान्य गोष्ट नव्हे. त्या निकालाने मेक्सिकोला शिकविले ते असे की, राष्ट्राची भावना कितीही तीव्र असली तरी ती कायद्यात स्पष्ट शब्दांनी उतरली नसेल तर न्यायासनापुढे तिचा उपयोग नाही. तो धडा पुढे १९७२ च्या कायद्यात उतरला. स्थावर असो वा जंगम, स्पॅनिश आगमनापूर्वीची प्रत्येक पुरातन वस्तू राष्ट्राची आहे, ती विकता येत नाही आणि कितीही काळ कब्जात ठेवली तरी वहिवाटीने मिळवता येत नाही, असे त्याने निःसंदिग्धपणे सांगितले. या स्पष्टतेचे मोल १९७७ मध्ये दिसले. मॅक्लेन नावाच्या खटल्यात अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने मान्य केले की, परदेशी राष्ट्राने अशी मालकी स्पष्टपणे जाहीर केली असेल तर तेथून चोरून आणलेली वस्तू अमेरिकेतही चोरीचा माल ठरू शकते. मात्र सर्वच वस्तूंवरील ही मालकी १९७२ च्या आधी मेक्सिकोने स्पष्टपणे सांगितलेली नव्हती, असेही त्याने बजावले. खुद्द पीबडी संग्रहालयाने १९७० च्या दशकात विहिरीतील काही वस्तू मेक्सिकोला परत दिल्या. इतर वस्तू तेथेच राहिल्या.

योगायोग असा की, आपल्या देशाचा पुरावस्तू कायदाही १९७२ चाच आहे. परंतु दोहोंत मोठा भेद आहे. आपला कायदा खाजगी मालकी मान्य करतो, नोंदणी मागतो आणि व्यक्तींना निर्यात नाकारतो. मेक्सिकोचा कायदा खाजगी मालकीच नाकारतो. तरीही मेक्सिकोत एक गाठ शिल्लक राहिलीच. मंदिरे राष्ट्राची झाली, पण त्यांच्या पायाखालची जमीन बार्बाचानो कुटुंबाचीच राहिली. जागतिक वारशाच्या यादीत १९८८ मध्ये जाऊन बसलेल्या या स्थळाखालचे ८३ हेक्टर अखेर युकातान राज्य सरकारने २०१० मध्ये २२ कोटी पेसो मोजून विकत घेतले.

एवढ्याने दावा मिटला का? माझ्या मते नाही. विहिरीत वस्तू टाकणाऱ्याने त्या हरवल्या नव्हत्या, लपविल्या नव्हत्या. त्याने त्या पर्जन्यदेव चाक याला दिल्या होत्या. आपल्याकडील न्यायशास्त्राला ही कल्पना अपरिचित नाही. हिंदू देवता ही कायद्याने व्यक्ती आहे, तिला मालमत्ता असते, ती दावा लावू शकते. पत्तूर येथील नटराजाची मूर्ती लंडनला पोहोचली, तेव्हा १९९१ मध्ये तेथील अपील न्यायालयाने तमिळनाडूतील भग्नावस्थेतील देवळाचा हक्क मान्य केला. चाकला मात्र असा वहिवाटदार कोणी उरला नाही. त्याच्या वतीने बोलले ते प्रथम मळ्याचा मालक, मग राष्ट्र. ज्यांच्या पूर्वजांनी ते दान दिले, ते माया लोक या सबंध दाव्यात पक्षकार नव्हतेच. ते कोठे होते? यारीवर मजुरी करीत, उत्खननात माती वाहत, आणि आज त्याच आवारात लाकडी मुखवटे विकण्याच्या हक्कासाठी अधिकाऱ्यांशी हुज्जत घालीत.

दोन नव्या घटनांनी हे चित्र बदलू लागले आहे. १९६७ मध्ये पवित्र विहिरीजवळच एका भूमिगत टाक्यात शंभराहून अधिक बालकांचे अवशेष सापडले होते. त्यांतील ६४ बालकांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ती सर्वच्या सर्व मुलगे होती. कित्येक एकमेकांची जवळची नातलग, आणि त्यांत एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्या. कुमारिकांच्या बळीची रसभरित दंतकथा तेथे टिकली नाही. त्याहून महत्त्वाचे हे की, तिश्काकालतुयुब या जवळच्या गावातील आजच्या माया रहिवाशांच्या नमुन्यांशी तुलना करता वंशसातत्य दिसून आले. नष्ट झालेली संस्कृती असे जिचे वर्णन पर्यटकांच्या पुस्तकांत असते, तिचे वारस शेजारच्याच गावात नांदत आहेत.

दुसरी घटना कायद्याची. सप्टेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोने आपल्या घटनेचे दुसरे कलम दुरुस्त करून तेथील मूळच्या लोकसमाजांना सार्वजनिक कायद्यातील व्यक्तित्व आणि स्वतःची मालमत्ता असण्याचा अधिकार दिला. कायद्याच्या दृष्टीने ही क्रांतीच होय, कारण व्यक्तित्वाखेरीज दावा नाही. अर्थात व्यक्तित्व मिळाले म्हणून मालकी आपोआप मिळत नाही. १९७२ चा कायदा अबाधित आहे आणि तो असणे इष्टही आहे, कारण तो नसता तर लिलावगृहांनी काही शिल्लक ठेवले नसते. परंतु राष्ट्राने स्वतःस मालक न मानता विश्वस्त मानावे, आणि त्या विश्वस्ताकडे हिशेब मागण्याचा अधिकार लाभधारकांना असावा, एवढी मागणी आता रास्त ठरते. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली ‘माया’ नावाची रेल्वे चिचेन इत्सापर्यंत प्रवासी आणून सोडते. त्यांच्या तिकिटाच्या पैशातला वाटा कोणाचा, आवारात दुकान मांडण्याचा हक्क कोणाचा, टाक्यातून काढलेल्या त्या बालकांच्या अस्थी कोठे ठेवाव्यात हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हे या दाव्यातील पुढचे मुद्दे आहेत. ते मांडण्यासाठी वादी आता प्रथमच न्यायालयाच्या दारात उभा राहू शकतो.