सल्ल्यापासून बंधनापर्यंत : सरकारी संकेतस्थळांच्या सुगम्यतेचा इतिहास

2012 मध्ये बंगळुरू येथील ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ या संस्थेने एक अहवाल प्रसिद्ध केला. भारत सरकार व त्याच्याशी संलग्न संस्थांची 7800 संकेतस्थळे त्यासाठी तपासण्यात आली होती. दिव्यांग नागरिकांना ही संकेतस्थळे वापरता येतात का, एवढाच प्रश्न होता. उत्तर निराशाजनक निघाले. सुमारे पाव हिस्सा संकेतस्थळे तपासणीच्या वेळी उघडलीच नाहीत. उघडली त्यांपैकी बहुतेकांमध्ये कोणता ना कोणता अडसर आढळला. विशेष म्हणजे, या विषयावरील सरकारची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे त्याआधी तीन वर्षांपासून अस्तित्वात होती.

2011 च्या जनगणनेनुसार भारतातील दिव्यांग व्यक्तींची संख्या 2 कोटी 68 लाख आहे. त्यांपैकी सुमारे 29 लाख 63 हजार महाराष्ट्रात, तर 13 लाख 24 हजार कर्नाटकात आहेत. शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षांचे प्रवेशपत्र, निवृत्तिवेतन, दाखले अशी कामे याच काळात खिडकीवरून संगणकाच्या पडद्यावर आली. कचेरीच्या पायऱ्या चढता येत नसल्या तर निदान कोणी हात देऊ शकतो; पडद्यावरची पायरी मात्र बाजूच्या माणसाला दिसतही नाही. म्हणूनच ती कशाची बनलेली असते, हे आधी समजून घ्यायला हवे.

▪ पान ऐकू कसे येते?

दृष्टिहीन व्यक्ती संगणक वापरते ती ‘स्क्रीन रीडर’ या प्रणालीच्या साहाय्याने. ही प्रणाली पडद्यावरील मजकूर आवाजात किंवा ब्रेल पट्टीवर उमटवते. मात्र ती पानाचे चित्र पाहत नाही; पानामागे लिहिलेली रचना वाचते. एखादी ओळ मोठ्या ठळक अक्षरांत असली म्हणजे डोळ्यांना ते शीर्षक वाटते. पण संकेतात तिची नोंद ‘शीर्षक’ अशी केलेली नसेल, तर स्क्रीन रीडरच्या लेखी ती एक साधी ओळ असते. छायाचित्राला पर्यायी मजकूर जोडलेला नसेल, तर ऐकणाऱ्याच्या वाट्याला केवळ ‘चित्र’ हा शब्द किंवा फाइलचे निरर्थक नाव येते. अर्जातील रकान्याला नाव जोडलेले नसेल, तर तेथे जन्मतारीख भरायची की पिनकोड, हे कळायला मार्ग नसतो. स्कॅन करून चढवलेले पीडीएफ परिपत्रक हे तर अक्षरांचे छायाचित्रच. अक्षरओळख करून घेतल्याशिवाय त्यातून एकही शब्द ऐकू येत नाही.

अडसर केवळ दृष्टिहीनांपुरते नाहीत. हाताची हालचाल मर्यादित असलेल्या व्यक्तीला माउस धरणे अवघड जाते. तिला सारे काम कीबोर्डवरून करता यायला हवे. कर्णबधिर व्यक्तीला चित्रफितीखाली उपशीर्षके हवीत. मंददृष्टी असलेल्यांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील तेजाचे गुणोत्तर महत्त्वाचे ठरते. सर्वसाधारण आकाराच्या मजकुरासाठी ते किमान 4.5 : 1 असावे, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते.

▪ पुणे, कॉर्नेल आणि सिडनी

दिसणाऱ्या पानापेक्षा त्यामागची रचना महत्त्वाची, हा विचार ठामपणे मांडणाऱ्यांमध्ये पुण्यात वाढलेल्या एका गणितज्ञाचे नाव अग्रभागी आहे. टी. व्ही. रामन यांची दृष्टी काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी पूर्णपणे गेली. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी आणि आयआयटी मुंबईतून पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले. 1994 मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या पीएच.डी. प्रबंधाचा विषय होता, गणिती लेखन आवाजात कसे उतरवावे. कागदावर छापलेल्या अपूर्णांकात अंश कोठे संपतो आणि छेद कोठे सुरू होतो, हे डोळ्यांना एका दृष्टिक्षेपात कळते. कानाला ते सांगावे लागते. रामन यांच्या ‘ॲस्टर’ या प्रणालीने छापील पानाऐवजी लाटेकमध्ये लिहिलेला मूळ दस्तऐवज घेतला, त्यातील रचना ओळखली आणि ती आवाजाच्या चढउतारांतून व्यक्त केली. त्यांच्या मार्गदर्शक श्वानाचे नावही ॲस्टरच होते.

1997 मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने सुगम्यतेसाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला आणि 5 मे 1999 रोजी संकेतस्थळांच्या मजकुरासाठी पहिली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. त्यांची कसोटी लगेचच लागली. ऑस्ट्रेलियातील दृष्टिहीन नागरिक ब्रूस मॅग्वायर यांनी सिडनी ऑलिंपिकच्या संयोजन समितीविरुद्ध तक्रार केली. संकेतस्थळावरील चित्रांना पर्यायी मजकूर नव्हता आणि निकालांचे तक्ते त्यांना वाचता येत नव्हते. दुरुस्तीचा खर्च फार मोठा आहे, हा समितीचा बचाव मानवी हक्क आयोगाने ऑगस्ट 2000 मध्ये अमान्य केला. आदेशाचे पूर्ण पालन न झाल्याने समितीला 20 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. संकेतस्थळ वापरता न येणे हा भेदभाव ठरू शकतो, हे या निकालाने जगापुढे आणले.

▪ अक्षर दिसे, पण वाचता न ये

भारतीय भाषांपुढे आणखी एक अडचण होती, जी इंग्रजी संकेतस्थळांना कधी भोगावी लागली नाही. संगणकावर देवनागरी वा कन्नड लिहिण्यासाठी आरंभी जे फाँट रूढ झाले, त्यांत अक्षरांचे केवळ आकार भारतीय होते. आतले संकेत रोमन अक्षरांचेच होते. देवनागरी टंकलेखनात सर्रास वापरल्या गेलेल्या कृतिदेव फाँटचे उदाहरण घेता येईल. त्यात ‘काम’ हा शब्द लिहिला की पडद्यावर ‘काम’ दिसे. पण संगणकाच्या स्मृतीत साठवली जात ती डी, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरे. डोळस वाचकाचे काही अडत नव्हते. स्क्रीन रीडर मात्र साठवलेले संकेत वाचत असल्याने ऐकणाऱ्याच्या कानी पडे तो अर्थहीन अक्षरांचा गोंधळ. कर्नाटकातही ‘नुडी’सारख्या प्रणालींच्या सुरुवातीच्या फाँटमध्ये लिहिलेल्या कन्नड मजकुराची हीच स्थिती होती.

यावरचा उपाय तसा जुना होता. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक 1991 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी व कन्नड या दोन्ही लिप्यांना स्वतंत्र संकेत मिळाले. तरीही ई-प्रशासनासाठी युनिकोड हे अधिकृत मानक म्हणून अधिसूचित व्हायला नोव्हेंबर 2009 उजाडले. तोवर असंख्य परिपत्रके जुन्या फाँटमध्ये साठत गेली होती.

मजकूर युनिकोडमध्ये आला, तरी तो वाचणारा आवाजही हवा. व्यावसायिक स्क्रीन रीडरची किंमत त्या काळी एका साध्या संगणकाएवढी किंवा त्याहून अधिक असे. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने ‘एनव्हीडीए’ हा विनामूल्य, मुक्तस्रोत स्क्रीन रीडर लिहायला घेतला आणि हे चित्र पालटू लागले. त्याच्यासोबत येणाऱ्या ‘ईस्पीक’ या मुक्तस्रोत वाचिक प्रणालीत भारतीय भाषांचे उच्चार सुधारण्याचे काम बंगळुरूच्या याच संस्थेने पुढे हॅन्स फाउंडेशनच्या साहाय्याने हाती घेतले. ज्या शहरात देशाचा सॉफ्टवेअर उद्योग एकवटला, तेथेच सरकारी पानांतील दोष मोजण्याचे आणि ती पाने वाचणारा आवाज सुधारण्याचे, अशी दोन्ही कामे झाली.

▪ कागदावरचा नियम

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कराराला भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी मान्यता दिली. या कराराचे नववे कलम इंटरनेटच्या सुगम्यतेचा स्पष्ट उल्लेख करते. त्यानंतर 2009 मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेली ‘भारतीय सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे’ केंद्राच्या प्रशासकीय सुधारणा विभागाने स्वीकारली. 2012 च्या अहवालाने ज्यांचे अपयश उघड केले, ती हीच तत्त्वे.

पुढची वाटचाल वेगवान वाटते. ऑक्टोबर 2013 मध्ये सार्वत्रिक इलेक्ट्रॉनिक सुगम्यतेचे राष्ट्रीय धोरण मंजूर झाले. 3 डिसेंबर 2015 रोजी ‘सुगम्य भारत अभियान’ सुरू झाले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये संमत होऊन 19 एप्रिल 2017 रोजी लागू झाला. त्याच्या 42 व्या कलमाने माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची जबाबदारी सरकारवर टाकली. कायद्याच्या भंगाबद्दल पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत, तर पुढील प्रत्येक वेळी पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूदही झाली.

तथापि, या इमारतीच्या पायातच एक भेग होती. अधिनियमाखालील 2017 च्या नियमांपैकी पंधराव्या नियमाने संकेतस्थळांसाठी बोट दाखवले ते 2009 च्याच मार्गदर्शक तत्त्वांकडे. कायदा ‘केलेच पाहिजे’ म्हणत होता. नियम ज्यांचा हवाला देत होता, त्या तत्त्वांचे स्वरूप बहुतांशी ‘करावे’ असे होते. राजीव रतुरी या दृष्टिहीन कार्यकर्त्याने 2005 मध्ये दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी नेमके यावरच बोट ठेवले. शिफारसवजा तत्त्वांवर उभा असलेला हा नियम मूळ अधिनियमाशी विसंगत आहे, असे ठरवून न्यायालयाने सक्तीची किमान मानके तीन महिन्यांत आखण्यास सांगितले. याचिका दाखल झाल्यापासून एव्हाना एकोणीस वर्षे लोटली होती.

30 एप्रिल 2025 च्या निकालाने हा प्रश्न आणखी पुढे नेला. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना व चेहऱ्याला गंभीर इजा झालेल्या प्रज्ञा प्रसून यांना बँकखाते उघडता आले नव्हते. कारण ग्राहकाची ओळख पटवणारी डिजिटल प्रणाली जिवंतपणाची खूण म्हणून पापण्या मिटून दाखवायला सांगत होती. त्यांच्या आणि एका दृष्टिहीन याचिकाकर्त्याच्या याचिकांवर एकत्रित निर्णय देताना न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला आणि वीस निर्देश दिले.

▪ मोजमापाचे महत्त्व

या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. तंत्र बहुतेक वेळा आधीच उपलब्ध होते. युनिकोड 1991 चे, जागतिक तत्त्वे 1999 ची. उशीर झाला तो सल्ल्याचे बंधन व्हायला, आणि त्या बंधनाची गरज दिसली ती कोणीतरी मोजमाप केल्यामुळे. मोजमाप नसते, तर ‘मार्गदर्शक तत्त्वे लागू आहेत’ हे वाक्य खरे वाटत राहिले असते.

मोजमापालाही मर्यादा असतात. संगणकीय चाचणी पर्यायी मजकूर आहे की नाही, एवढे सांगू शकते; तो चित्राशी जुळतो का, हे माणसालाच तपासावे लागते. ‘चित्र 1’ असा पर्यायी मजकूर यंत्राच्या परीक्षेत उत्तीर्ण होतो आणि ऐकणाऱ्याच्या परीक्षेत नापास. त्यामुळे तपासणीच्या कामात दिव्यांग वापरकर्ते स्वतः असणे हा शास्त्रीय पद्धतीचाच भाग ठरतो.

या तपासणीची एक प्राथमिक पायरी कोणत्याही विद्यार्थ्याला करून पाहता येते. कोणतेही सरकारी संकेतस्थळ उघडावे, माउस बाजूला ठेवावा आणि केवळ टॅबची कळ दाबत अर्जाच्या शेवटच्या बटणापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करावा. वाटेत आपण पानावर नेमके कोठे आहोत हे दिसेनासे झाले, किंवा बटणापर्यंत पोहोचताच आले नाही, तर एक अडसर सापडला असे समजावे. 2012 च्या अहवालात हजारो पानांवर आढळलेले अडसर याच कुळातले होते.

#विज्ञानवार्ता #सुगम्यता #तंत्रज्ञानाचा_इतिहास