दाढीचा फेस: सगळा खेळ पाण्याचा

अंघोळीच्या साबणाचा फेस गालावर लगेच बसतो, दाढीच्या साबणाचा टिकतो. असं का? फ्रान्सच्या मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने चरबीतली आम्लं वेगळी केली आणि १८२३ मध्ये त्यावर ग्रंथ काढला. (गडी १०२ वर्षं जगला!) त्यातलंच एक स्टिअरिक आम्ल. त्याच्या साबणाचे बुडबुडे बारीक, दाट आणि चिवट. पण नुसत्या कॉस्टिक सोड्यात केलेला साबण कडक होतो, लवकर विरघळत नाही. म्हणून पोटॅश वापरतात.

पुढचं काम आपलं. ओला ब्रश झटकून साबणावर अर्धा मिनिट फिरवा, मग थेंब थेंब पाणी घालत वाटीत घोळवा. फेस कोरडा, निस्तेज दिसला तर पाणी कमी. मोठे बुडबुडे आले तर जास्त. घट्ट दह्यासारखा, चकचकीत हवा. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम साबण खातं, तिथे साबण जास्त घ्या.

ही खटपट टाळायला अमेरिकेत १९१९ मध्ये फ्रँक शील्ड्स या एमआयटीच्या माजी प्राध्यापकाने बार्बासॉल हे बिनब्रशचं क्रीम आणलं. त्याला फेसच नव्हता! १९४९ मध्ये 'राइज' आलं: दाबाच्या डब्यात तयार फेस. वेळ वाचला खरा, पण पाण्याचं माप कारखान्यातच ठरलं. तुमच्या खरखरीत दाढीसाठी ते बदलायची सोय गेली.